‘हिरव्या पडद्याचं लोढणं कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लाइव्हच्या हिरव्या पडद्याबद्दलच्या माझ्या सल्ल्यावर तुमचे आक्षेप दोन आहेत. एआय पार्श्वभूमी आपोआप काढतं, मग लाइव्हला हिरवा पडदा टांगायचाच कशाला? आणि टांगलाच, तर मी लाइटिंगचा एवढा बाऊ का करतो, ओबीएस या लाइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये सिमिलॅरिटी (निवडलेल्या हिरव्याच्या किती जवळचे रंग काढायचे ते ठरवणारा स्लायडर) वाढवली की काम झालं.

एआयचं अर्धं मान्य. एकटा माणूस खुर्चीत बसून बोलणार असेल तर खुशाल वापरा. पण माणूस कुठे संपतो याचा ते दर फ्रेमला अंदाज बांधत असतं. पाहुण्यानं बोलता बोलता टाळ उचलून दाखवले की कधी दिसतात, कधी गायब. कीइंगला, म्हणजे पडद्याचा रंग काढून तिथे दुसरं चित्र बसवण्याच्या तंत्राला, माणूस, टाळ काही कळत नाही, फक्त रंग कळतो. लाइव्हमध्ये हा अडाणीपणाच उपयोगी पडतो.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र माझं भांडण आहे. सिमिलॅरिटी वाढवावी लागते ती पडदा एकसारखा हिरवा नसतो म्हणून. मध्ये भगभगीत, कडेला काळपट, चुण्यांत तिसराच. ते सगळे हिरवे पकडायला गेलात की केसांच्या कडाही त्याबरोबर जातात. त्यात बरेच वेबकॅम ४:२:० पद्धतीचं, रंगाचा तपशील कमी ठेवणारं चित्र देतात, म्हणजे १९२० बाय १०८० बिंदूंच्या फ्रेममध्ये रंगाची माहिती जेमतेम ९६० बाय ५४०. सुट्या बटांची कड तिथेच बोथट झालेली असते, स्लायडर ती कुठून आणणार? एडिटिंगला फ्रेमगणिक दुरुस्ती करता येते. लाइव्हला गेलं ते गेलं.

म्हणून लाइट. पडद्याला वेगळे, माणसाला वेगळे, आणि माणूस पडद्यापासून दीड-दोन मीटर पुढे, नाहीतर हनुवटीखाली आणि पांढऱ्या सदऱ्यावर हिरवी झाक चढते. ती स्पिल रिडक्शननं (झाक कमी करणाऱ्या सेटिंगनं) मारायला गेलात तर झेंडूच्या हाराचा पिवळाही बिघडतो, कारण स्क्रीनवरच्या पिवळ्यात हिरवा असतोच. हातवारे करणारा वक्ता असेल तर कॅमेऱ्याचं शटर १/५० ऐवजी १/१०० सेकंद ठेवा. बोटं कमी फरफटतात आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिव्यांचा फ्लिकरही (लुकलुक) येत नाही.

आपल्याकडची खास गोची म्हणजे हिरवा चुडा. निवेदिकेनं नमस्काराला हात जोडले की मनगटं गायब, पंजे अधांतरी. बांगड्या काढा असं सांगणं मला पटत नाही. तिथे निळा पडदा लावावा. फक्त नेहमीच्या कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निळा टिपणारे बिंदू हिरव्याच्या निम्मे असतात, त्यामुळे नॉइज (चित्रात दाणे) जास्त येतो आणि उजेडही वाढवावा लागतो. आणि हो, मग पैठणी निळी नको, हे आदल्या दिवशीच कळवा.

खर्चाचं म्हणाल, तर महागडा पडदा मी सुचवलेलाच नाही. बिनचमकीचं सुती कापड घ्या, इस्त्री करा, ताणून बांधा. वाचलेले पैसे दोन सॉफ्टलाइटमध्ये घाला आणि सिमिलॅरिटी आहे तिथेच राहू द्या.