फीच्या पैशांत धंदा काढा म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेले काही महिने एक लांबलचक संदेश समाजमाध्यमांवरून हातोहात फिरतो आहे. विद्यापीठात उद्योजकता शिकणे ही शुद्ध फसवणूक आहे, असे त्याचे म्हणणे असून त्यासाठी त्यात सहा दावे केलेले आहेत. उद्योजक जन्माला यावा लागतो, घडवता येत नाही. जगातील मोठे उद्योजक शिक्षण अर्धवट सोडूनच मोठे झाले. पंचविशीच्या आत सुरुवात केली नाही तर वेळ निघून जाते. शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी स्वतः कधी काही विकलेले नसते. दहापैकी नऊ नवे उद्योग बुडतातच, मग शिकून काय फरक पडणार. आणि म्हणून फी भरण्याऐवजी तेच पैसे भांडवल म्हणून धंद्यात घालावेत. हा मजकूर माझ्याही वाचनात अनेकदा आला होता आणि दर वेळी दुर्लक्ष केले होते. मात्र माझ्या भाचीला नवउद्यम (स्टार्टअप) निर्मितीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश मिळाल्याचे कळताच घरातल्याच वडीलधाऱ्यांनी तो तिला पाठवला आणि ती प्रवेश रद्द करण्याचे नियम शोधू लागली, तेव्हा उत्तर देणे भाग झाले.

सुरुवात शेवटच्या दाव्यापासून करावी लागेल, कारण बाकीच्या दाव्यांनी फार तर गैरसमज पसरतो, याने पैसे जातात. ‘फीचे पैसे धंद्यात घाला’ असे सांगणारा माणूस गृहीत धरतो की ही रक्कम कुठेतरी एकगठ्ठा, मोकळी पडून आहे. बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती तशी नसतेच. ती सत्रागणिक भरायची असते. तिचा एखादा भाग शिष्यवृत्तीतून येतो, एखादा शैक्षणिक कर्जातून. शिक्षणासाठी मंजूर झालेले कर्ज दुकान किंवा अ‍ॅप काढायला वळवता येत नाही, आणि शिष्यवृत्ती तर प्रवेश सोडताच संपते. म्हणजे संदेशाचा सल्ला तंतोतंत पाळायचा ठरवला तर उरते ती फक्त पालकांची बचत, आणि ती एका अननुभवी व्यक्तीच्या पहिल्याच, कोणीही न तपासलेल्या कल्पनेवर लावायची. याला धाडस म्हणण्याची पद्धत आहे. अनुभवी उद्योजक मात्र असे वागत नाहीत, आणि हे आपल्याला ज्या संशोधनातून कळले ते विद्यापीठातच झालेले आहे.

उद्योजकतेच्या संशोधक सरस सरस्वती यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात नोबेल विजेते हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या अभ्यासात २७ मुरलेल्या उद्योजकांपुढे एका काल्पनिक उद्योगाविषयीचे तेच ते प्रश्न ठेवले आणि ते सोडवताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. २००१ साली त्यांनी त्यावर आधारित जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्या केंद्रस्थानी असलेल्या तत्त्वांपैकी एक ‘परवडणारे नुकसान’ हे आहे. मुरलेला उद्योजक ‘यातून किती मिळेल’ हा प्रश्न नंतर विचारतो. ‘हे सगळे बुडाले तरी मी उभा राहीन अशी रक्कम कोणती’ हे आधी ठरवतो आणि तेवढीच पणाला लावतो. घरातली सगळी शिल्लक पहिल्या डावात लावायला सांगणारा संदेश या माणसांचे नाव घेऊन त्यांच्या नेमका उलट सल्ला देतो.

आणि पैसे घातल्यावर ते जातात कसे, हेही या संदेशाच्या लेखकाने सांगायला हवे होते. धंदा नेहमी तोटा झाल्यामुळेच बंद पडतो असे नाही. नफ्यात असलेला धंदाही रोख संपल्यामुळे बंद पडतो. पुरवठादाराला ३० दिवसांत पैसे द्यायचे आणि ग्राहकाकडून ते ९० दिवसांनी यायचे, असा व्यवहार असेल तर जवळपास दोन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम कायमची अडकून राहते. विक्री दुप्पट झाली की अडकलेली रक्कमही दुप्पट होते. म्हणजे ज्या महिन्यात मागणी वाढल्याचा आनंद साजरा होतो त्याच महिन्यात पगार द्यायला खात्यात काही नसते. खेळत्या भांडवलाचे हे गणित अवघड मुळीच नाही, पण ते आधी कागदावर मांडून पाहिले नसेल तर ते स्वतःच्या बचतीवर शिकावे लागते. भागीदारीचेही तसेच आहे. हिस्सा कोणाचा किती, कोणी वर्षभरात सोडून गेला तर त्याच्या हिश्श्याचे काय, ही कलमे पहिल्या विक्रीच्या आधी लिहून घ्यायची असतात. नंतर ती लिहायला वकील लागतो आणि बहुधा दोन लागतात.

‘पण हे वर्गात शिकून प्रत्यक्षात काही फरक पडतो का?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे माझ्या माहितीतले सर्वांत भक्कम उत्तर इटलीतून आलेले आहे. मिलानमधील बोकोनी विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी ११६ नवउद्यमांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी करून दोन गट केले. दोन्ही गटांना सारखेच प्रशिक्षण मिळाले, सारखीच साधने शिकवली गेली. एका गटाला मात्र एक गोष्ट जास्त शिकवली: आपली कल्पना हे एक गृहीतक आहे असे समजा, ते खोटे ठरवू शकेल अशी चाचणी आखा, आणि कोणता निकाल आला तर मत बदलायचे हे चाचणीच्या आधीच ठरवा. त्यानंतर सुमारे वर्षभर दोन्ही गटांवर लक्ष ठेवण्यात आले. हे संशोधन २०२० साली ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याचा निष्कर्ष असा की शास्त्रीय पद्धतीने विचार करायला शिकलेल्या गटाची कामगिरी सरस ठरली आणि त्या गटातील लोकांनी मूळ कल्पना सोडून दुसरी धरण्याचे प्रमाणही जास्त होते. विभागणी यादृच्छिक असल्यामुळे ‘मुळात हुशार होते म्हणून जमले’ ही पळवाट येथे उरत नाही. धाडस, चिकाटी किंवा नशीब यांतले काहीही या गटाला जास्त दिलेले नव्हते. जास्त दिली होती ती फक्त विचार करण्याची एक पद्धत, आणि ती शिकवता आली.

या प्रयोगातले बरेच सहभागी पदवीचे विद्यार्थी नव्हते, आणि असे प्रशिक्षण विद्यापीठाबाहेरही देता येईल, असा आक्षेप कोणी घेईल. तो मान्य आहे. पण संदेशाचा दावा ‘उद्योजकता शिकवताच येत नाही’ असा आहे, आणि तो येथेच कोसळतो.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करायला हवी, कारण ती लपवली तर मीही त्या संदेशासारखेच वागेन. प्रत्येक अभ्यासक्रम उपयोगी ठरतो असे पुरावा सांगत नाही. नेदरलँड्समधील एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी छोटी कंपनी चालवून पाहण्याच्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मूल्यमापनानुसार त्यांच्या कौशल्यांत लक्षणीय वाढ झाली नाही आणि उद्योजक होण्याची इच्छा तर कमी झाली. संदेशाच्या समर्थकांना हा अभ्यास ठाऊक असता तर त्यांनी तो ठळक अक्षरांत छापला असता. पण कमी झालेली इच्छा हे अपयशच मानायचे का? आपल्याला हे काम जमणारे किंवा आवडणारे नाही, हे कर्ज अंगावर येण्याआधी एखाद्याला कळले तर अभ्यासक्रमाने आपले काम चोख केले, असे मी म्हणेन. विद्यार्थ्यांना वास्तवाचे भान आले असावे, अशी शक्यता त्या संशोधकांनीही वर्तवली आहे.

आता शिक्षण सोडणाऱ्या महापुरुषांकडे वळू. बिल गेट्स यांनी हार्वर्ड सोडले हे खरे. पण १९६८ पासून, म्हणजे शाळेत असतानाच, त्यांना संगणक हाताळायला मिळत होता, आणि मायक्रोसॉफ्टचे पहिले उत्पादन त्यांनी पॉल अ‍ॅलन यांच्यासह हार्वर्डच्याच संगणकावर तयार केले. मार्क झुकेरबर्ग यांचे फेसबुक हे संकेतस्थळ २००४ साली हार्वर्डच्या वसतिगृहात सुरू झाले आणि त्याचे पहिले वापरकर्ते हार्वर्डचेच विद्यार्थी होते. स्टीव्ह जॉब्स यांनी रीड महाविद्यालयात नाव कमी केल्यानंतरही बराच काळ तेथील वर्गांना हजेरी लावली, आणि अक्षरलेखनाच्या वर्गाचे ऋण त्यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. गेट्स आणि झुकेरबर्ग बाहेर पडले ते हाती चालणारे काम आल्यावर. संदेश मात्र काही हाती नसताना बाहेर पडायला सांगतो. गूगलचे दोन्ही संस्थापक तर स्टॅनफर्डमध्ये पीएच.डी. करत होते, पण त्यांचे नाव या यादीत कधीच येत नाही. विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडून उद्योग काढावा म्हणून एक लाख डॉलरची पाठ्यवृत्ती सुरू करणाऱ्या गुंतवणूकदार पीटर थील यांच्याकडेही स्टॅनफर्डच्याच दोन पदव्या आहेत, हे जाता जाता.

‘धंदा रक्तात असावा लागतो’ या समजुतीला स्वीडनमधील दत्तक मुलांच्या नोंदींनी चांगले उत्तर दिले आहे. पालक उद्योजक असतील तर मूल उद्योजक होण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढते, एवढे खरे. पण दत्तक मुलांच्या बाबतीत जन्मदाते आणि सांभाळ करणारे यांचा परिणाम वेगवेगळा मोजता येतो, आणि त्यात सांभाळ करणाऱ्यांचा परिणाम जन्मदात्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. रक्ताचा वाटा शून्य नाही, हे मीही मानते. मात्र घरात पाहून, ऐकून शिकण्याचा वाटा त्याहून मोठा आहे. ज्यांच्या घरी धंद्याची बोलणी कधी झालीच नाहीत, त्यांनी ती ऐकायची कुठे, याचे उत्तर संदेशात नाही.

वयाचा दावा तर आकड्यांपुढे टिकतच नाही. अमेरिकेत २००७ ते २०१४ या काळात सुरू झालेल्या आणि किमान एक कर्मचारी नेमलेल्या उद्योगांच्या सुमारे २७ लाख संस्थापकांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांचे सरासरी वय ४१.९ वर्षे निघाले. हजारांत एक अशा सर्वाधिक वेगाने वाढलेल्या उद्योगांच्या संस्थापकांचे ४५. त्याच क्षेत्रातला आधीचा अनुभव यशाची शक्यता बरीच वाढवतो, हेही त्यातच दिसले. दोन वर्षे शिकून आणि काही वर्षे नोकरी करून मग सुरुवात करणारी व्यक्ती उशीर करत नसते. दहापैकी नऊ बुडण्याचा आकडाही असाच हवेतला आहे. अमेरिकी कामगार सांख्यिकीनुसार सुमारे २० टक्के नवे उद्योग पहिल्या वर्षी बंद होतात, जवळपास निम्मे पाच वर्षांत आणि दोनतृतीयांशांच्या आसपास दहा वर्षांत.

राहिले प्राध्यापक. ज्यांनी कधी बीजक पाठवलेले नाही असे शिक्षक काही ठिकाणी आहेत, आणि व्यवसाय योजनेचा जाड अहवाल लिहून घेणे म्हणजेच उद्योजकता अशी समजूत असलेले अभ्यासक्रमही आहेत; तेथे संदेशाचा राग वाजवी आहे. पण त्यावरून सगळे अभ्यासक्रम निकालात काढता येत नाहीत. अमेरिकेतील बॅब्सन महाविद्यालयाने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना संस्थेकडून कर्ज देऊन खरा धंदा चालवायला लावला, आणि आधी स्वतः उद्योजक असलेले स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ साली स्टॅनफर्डमध्ये सुरू केलेल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर पडून दर आठवड्याला संभाव्य ग्राहकांशी बोलावे लागत असे.

म्हणून भाचीला मी प्रवेश रद्द करू नकोस, पण फी भरण्याआधी विभागाला तीन गोष्टी विचार, एवढेच लिहून पाठवले आहे. अहवाल लिहिण्याआधी किती ग्राहकांशी बोलणे सक्तीचे आहे. एखादी तरी खरी विक्री आणि तिचा खरा हिशेब अभ्यासक्रमात आहे का. आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काही नवे तयार झाले तर त्याचे हक्क कोणाकडे राहतात. तिसऱ्या प्रश्नाचे लेखी उत्तर घ्यायलाच हवे. गूगलच्या मूळ शोधतंत्राचे पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर होते, आणि ते वापरू देण्याच्या बदल्यात मिळालेले समभाग विकून विद्यापीठाला सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळाले.