डायनासोर कुणी मागवला होता?

भाची पुरातत्त्वात एम.ए. झाली म्हणून केक सांगितला. ‘पुरातत्त्वाचा करा’ एवढंच बोलले होते मी. आला तेव्हा त्यावर पिरॅमिड, कवटी आणि हिरवागार डायनासोर! भाचीनं कपाळावर हात मारला. ‘‘मावशी, डायनासोर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपले. तेव्हा माणूस होता का खणायला?’’

बरं, पिरॅमिड तरी कशाला? आपण नाशिककर. गोदाकाठची जुनी मातीची गढी पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ साली खणली. आपल्या पायाखाली तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली आणि आपण केकवर इजिप्त लावतो!

मग रविवारी मीच केक करायला बसले. माझं मत असं की असल्या केकवर काय ठेवलंय ते बघूच नये, कापल्यावर काय दिसतं ते बघावं. तळाला काळ्या मातीचा चॉकलेट स्पंज. त्यावर जोर्वे काळाचा, म्हणजे त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचा नारंगी थर; तेव्हाची भांडीच नारंगी, वर काळ्या रेघांची. बिस्किटांवर चॉकलेटच्या काळ्या रेघा ओढल्या, मग ती मोडून थरात खोचली. झाली खापरं. वर काळ्या चकचकीत भांड्यांसाठी डार्क चॉकलेटचे तुकडे, त्यावर सातवाहनांचा लाल थर, मग मराठेशाही. जोर्वे काळातल्याच, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात जव, गहू, मसूर यांचे जळालेले दाणे मिळालेत (जळाले म्हणूनच टिकले, नाहीतर कुजलेच असते), म्हणून नारंगी थरात थोडं जवाचं पीठ घातलं. जरा जास्तच पडलं. थर बसला.

सगळं इतकं सरळ लागलेलं बघून भाची म्हणाली, ‘‘खोटं वाटतंय.’’ चमचा घेतला आणि वरून थेट नारंगी थरापर्यंत खड्डा पाडून त्यात वरचं क्रीम भरलं. म्हणे, नंतरच्या लोकांनी खड्डे खणले की त्यांचा कचरा जुन्या थरात उतरतो, आणि तो ओळखता आला नाही तर काळाचा सगळा हिशेब चुकतो. माझ्या दोन तासांच्या मेहनतीत भोक! पण केक कापला तेव्हा सगळ्यांची बोटं आधी त्या खड्ड्याकडेच गेली.

जोर्व्याचं तोटीचं भांडंही केलं होतं फॉन्डंटचं. उचलताना तोटी गळून पडली. मी हळहळले, तर ही खूश. ‘‘तोट्या अशा सुट्याच सापडतात गं!’’ ती तोटी तिनं खाल्ली नाही. पिशवीत घालून वर थराचा नंबर लिहून ठेवलीय, माझ्या मसाल्याच्या कपाटात. मुंग्या आल्या तर तीच निस्तरेल.