पंधरा ग्रॅमचा व्यायाम

हाताने फिरवायचा कॉफी ग्राइंडर कसा पारखावा याबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं, ते मी बहुतेक सगळं वाचलंय. दात्यांचा आकार, दांड्याची लांबी, पुडीतल्या कणांचे आलेख, सगळं त्यात असतं. लिहिणाऱ्याला खांदा असल्याचा पुरावा मात्र कुठेच नसतो. 'दळायला हलका आहे' एवढं एक वाक्य टाकून तो पुढे सरकतो. इकडे आपण ग्राइंडर दोन गुडघ्यांत आवळून, ओठ चावत, फिकट भाजलेल्या बियांशी झुंजत असतो.

म्हणून दोन ग्राइंडर शेजारी ठेवून रीतसर परीक्षा घ्यायची असं मी ठरवलं. एक चुलतभावाने 'तूच ठेव गं, मला काय करायचाय' म्हणून दिलेला, सिरॅमिकच्या दात्यांचा. इतक्या उदारपणे मिळालेल्या वस्तूबद्दल माणसाने आधीच सावध व्हावं. दुसरा मैत्रिणीकडून परत करायच्या बोलीवर आणलेला, स्टीलच्या दात्यांचा, हातात घेतला की मनगट खाली जाईल असा वजनदार. परीक्षकांत मी, नवरा आणि नुकताच जिमला जायला लागलेला मुलगा. मुलाची नेमणूक ताकदीवर होती, नवऱ्याची नाइलाजाने.

"मिक्सरमध्ये फिरव की दोन मिनिटं," असं नवऱ्याने सुरुवातीलाच सुचवून पाहिलं. मिक्सरचं पातं बिया दळत नाही, फोडतं. जी बी पात्याच्या वाटेत जास्त वेळा येईल तिचं पीठ होतं, जी कडेला राहील ती जवळजवळ अख्खीच बाहेर येते. मग गरम पाणी पिठातून जरुरीपेक्षा जास्त ओढून घेतं, तुकड्यांतून पुरेसं काढूच शकत नाही, आणि एकाच कपात कडूही लागतं नि आंबटही. ग्राइंडरमध्ये दातेरी कड्याच्या आत दातेरी शंकू फिरतो, आणि त्या दोघांतल्या फटीतून मावेल एवढा झाल्याशिवाय कण खाली पडत नाही. हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे जातंच की." मग एवढा वेळ मी काय सांगत होते?

फट सगळीकडे सारखी हवी, एवढीच खरी अट. आणि ती तपासायला दुर्बीण लागत नाही. खालचा डबा काढायचा, ग्राइंडर उलटा धरायचा, शंकू दोन बोटांत पकडून डावी-उजवीकडे हलवायचा. चुलतभावाच्या ग्राइंडरचा शंकू हिंदोळे घेत होता. आत आस फक्त वरच्या टोकाला धरलेला. खालचं टोक मोकळं. दांडा ओढला की शंकू एका बाजूला कलतो, तिकडची फट मिटते, समोरची उघडते, आणि उघड्या बाजूने अर्धी अर्धी बी बिनदिक्कत खाली उतरते. स्टीलवाल्याच्या आसाला वर आणि खाली दोन्हीकडे बेअरिंग. बोटं दुखेपर्यंत हलवून पाहिलं, ढिम्म. माझ्या मते परीक्षा इथेच संपायला हरकत नव्हती. पण घरभर परीक्षक नेमून ठेवल्यावर अशी परीक्षा संपवता येत नाही.

मग क्लिक. बारीक-भरड करण्यासाठी एक चकती असते, ती फिरवली की टक् टक् वाजते. चांगल्या ग्राइंडरमध्ये एका क्लिकला शंकू अगदी थोडा सरकतो. कोमांडान्टे कंपनीच्या सी-४० या हाताच्या ग्राइंडरमध्ये सुमारे ३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर ही हालचाल अर्ध्या केसाहूनही कमी. आणि तरीही 'एक क्लिक बारीक केलं नि कपाचा नूरच बदलला' असं लिहिणारे लोक आहेत. त्यांच्या जिभेला माझा दंडवत. माझी जीभ सकाळी सातच्या आधी साखर आणि मीठ यांतलाही फरक खात्रीने सांगणार नाही.

त्याहून थोर आहेत ते 'अठरा क्लिकवर ठेवा' असं सांगणारे. कुठल्या ग्राइंडरवरचे अठरा? आणि कुठून मोजलेले? काही जण दांडा पूर्ण अडला की त्याला शून्य म्हणतात, तर काही जण दाते एकमेकांना पहिल्यांदा घासले, तो आवाज ऐकू आला, की त्याला. दोन्हींत चांगल्या काही क्लिकांचं अंतर असतं. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा आपल्या ग्राइंडरला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून वाचायला बसणं. आपलं शून्य आपणच शोधावं, तिथून मोजावं, आणि आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. आमच्याकडे तो कागद नवऱ्याने कसला तरी ओटीपी समजून फाडून टाकला, ते सोडा.

आता मुख्य प्रकरण, म्हणजे दळणं. १५ ग्रॅम बिया. ऐकायला किती किरकोळ! बी जितकी फिकट भाजलेली तितकी घट्ट. गडद भाजलेली बी ठिसूळ होते, दाताखाली लगेच मोडते. फिकट बी मात्र दात्यांत अडकून दांडा जागच्या जागी थांबवते, आणि तेव्हा कळतं की ग्राइंडर धरायचा कुठे हा प्रश्न कोणी सोडवलेलाच नाही. टेबलावर ठेवला तर फिरतो. छातीशी धरला तर कोपर बरणीला लागतं. काखेत धरून पाहिला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. हात लहान असेल तर जाड नळकांडं मुठीत मावतच नाही, आणि मूठ घट्ट नसेल तर दांड्याबरोबर अख्खा ग्राइंडर गरगरतो. ग्राइंडर घेताना मी सगळ्यांना सांगेन की आधी आपली मूठ मोजा, मग मायक्रॉन. दांडाही लांब हवा. लांब दांड्याला जोर कमी लागतो, हे शाळेत शिकलेलं तरफेचं गणित इथे रोज सकाळी सोडवावं लागतं. आणि ग्राइंडर सरळ उभा न धरता थोडा तिरका धरला तर दात्यांकडे एका वेळी कमी बिया जातात, दांडा अडत नाही. थोडा वेळ जास्त लागतो, पण खांदा जागेवर राहतो.

स्टीलवाल्याने पाऊण मिनिटात काम उरकलं. सिरॅमिकवाला मुलाकडे दिला. तो मोठ्या उत्साहाने सुरू झाला, मधे त्याने हात बदलला, मग पुन्हा बदलला, आणि शेवटी म्हणाला, "आई, आज हाताचा व्यायाम झाला. जिमला नाही जात."

दळून झाल्यावर डब्याचं झाकण काढलं की निम्मी पूड ओट्यावर, कारण कोरडी पूड घर्षणाने विद्युतभारित होते आणि दिसेल त्याला चिकटते. यावर उपाय सोपा आहे. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून हलवायचं. मला ही वाढीव भानगड वाटायची, पण २०२३ साली ऑरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'मॅटर' या नियतकालिकात हेच मोजून छापलं, आणि त्यांच्यात ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारे लोक होते. ज्वालामुखी सोडून माणसं आमच्या ओट्याच्या मदतीला आली म्हटल्यावर मी निमूटपणे थेंब टाकते.

विज्ञानावर एवढा विश्वास बसल्यावर थांबायला हवं होतं. पण २०१६ च्या एका शोधनिबंधात बिया थंड करून दळल्या तर पूड जास्त बारीक आणि एकसारखी होते असं वाचलं. त्यांनी थेट द्रव नायट्रोजनपर्यंत मजल मारली होती. आमची मजल फ्रीझरपर्यंत. आता बर्फाच्या ट्रेशेजारी पंधरा-पंधरा ग्रॅमच्या पुड्या असतात आणि पाहुण्यांना सरबतात बर्फ हवा असेल तर आधी खुलासा द्यावा लागतो.

पुडीची तपासणी पांढऱ्या कागदावर केली. चिमूटभर पसरून बाजूने टॉर्च मारला. स्टीलच्या पुडीत कण बऱ्यापैकी एका मापाचे, मधे थोडी धूळ. धूळ प्रत्येक ग्राइंडर पाडतोच, जो पाडत नाही तो जाहिरातीत असतो. सिरॅमिकच्या पुडीत खडे, वाळू आणि पीठ गुण्यागोविंदाने नांदत होते. फिल्टरमध्ये त्याचा निकाल लगेच लागला. तेवढ्याच पाण्याला स्टीलच्या पुडीतून उतरायला तीन मिनिटं लागली. दुसरीकडे पिठाने कागदाची भोकं बुजवली आणि पाणी वर तळं करून बसलं.

राहिली चव. यासाठी तीन कपांची चाचणी असते: दोन कपांत एकच कॉफी, तिसऱ्यात दुसरी, आणि न सांगता वेगळा कप ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येतं, म्हणून ती पुन्हा पुन्हा करायची. नवऱ्याने दर वेळी अचूक ओळखला. मी थक्क. अशी जीभ घरात असून इतकी वर्षं मला पत्ता नव्हता! मग मुलाने विचारलं, "बाबा, कसं ओळखता?" तर म्हणाला, "वेगळ्या कपाचा कान जरा फुटलाय ना." कप बदलले. पुन्हा बरोबर. या वेळी तो कप दर वेळी गार होता, कारण त्याची पूड दळून होईपर्यंत पाणी निवत होतं. माझंही वेगळं नव्हतं. मला स्टीलची कॉफी जास्त गोड लागली, पण ती कुठली हे मला आधीच माहीत होतं. जिभेची साक्ष मी नोंदीतून वगळली. न डुलणारा शंकू, मुठीत मावणारं अंग आणि तीन मिनिटांत उतरणारं पाणी, एवढ्यावर स्टीलचा पास केला आणि तसाच नवा मागवला.

"मग विजेवरचाच का नाही घेत?" नवऱ्याने शेवटी विचारलंच. तर तेवढ्याच पैशांत मोटरही घ्यायची म्हटलं की कात्री दात्यांवर लागते. हाताच्या ग्राइंडरमध्ये मोटर आपणच असतो, म्हणून दाते चांगले मिळतात. हे त्याला पटलं. फारच पटलं. दांडा काढला की वर षटकोनी टोक दिसतं, त्याला भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल लावून दळणारे लोक जगात आहेत, हे त्याने त्याच संध्याकाळी शोधून काढलं. आमचं ड्रिल मी आता हलवलंय. कुठे, ते इथे लिहीत नाही. माझे लेख तो वाचतो.