फणसाचा सर्व्हे

प्राथमिकच्या गणितात माहिती गोळा करण्याचा धडा आला की आपण बहुतेक शिक्षक पुस्तकात छापलेले आकडे फळ्यावर मांडतो, मुलांकडून ताळ्याच्या खुणा गिरवून घेतो, चित्रालेख रंगवून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. मीही अनेक वर्षे असेच शिकवले. आता माझे ठाम मत झाले आहे की तिसरी-चौथीच्या मुलांनी प्रश्न स्वतः तयार करावा, स्वतः विचारावा आणि तो फसला तर शिक्षकाने तो फसू द्यावा.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या शाळेत चौथीच्या मुलांनी जूनमध्ये ‘तुला फणस आवडतो का?’ हा प्रश्न घेतला. तिसऱ्याच मुलाने उलट विचारले, ‘कापो की रसाळ?’ त्याला घट्ट गऱ्यांचा कापो आवडत होता, मऊ गऱ्यांचा रसाळ मात्र घशाखाली उतरत नव्हता. त्यामुळे हो किंवा नाही यांपैकी एकही उत्तर त्याचे नव्हते. मुलांनी दोन रकाने आखून पुन्हा सुरुवात केली, तेव्हा वर्गात २३ मुले आणि कागदावर २६ खुणा! चूक शोधायला मुलांनी अख्खी तासिका घेतली आणि मी ती घेऊ दिली. पाच जणांनी दोन्ही रकान्यांत खूण केली होती आणि दोघांना फणसच आवडत नसल्यामुळे त्यांची खूण कुठेच नव्हती. मग ‘दोन्ही’ आणि ‘एकही नाही’ असे आणखी दोन रकाने मुलांनी आपणहून वाढवले. उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला कागदावर जागा मिळाली पाहिजे, आणि तीही एकदाच, हे मी सांगून त्यांना इतके पटले नसते.

हाच प्रश्न घरी विचारताना वेगळी अडचण आली. पुस्तकी मराठीतला प्रश्न ऐकून एका मुलीची आजी नुसतीच हसली. नातीने कोंकणीत ‘तुका खंयचो पणस आवडटा?’ (तुला कोणता फणस आवडतो?) असे विचारल्यावर तिने परसातल्या प्रत्येक झाडाची हकिकत सांगितली. २०११च्या जनगणनेत मी प्रगणक होते, तेव्हा वय विचारले की काही वृद्ध स्त्रिया ‘गोवा मुक्त झाला त्या वर्षी माझे लग्न झाले’ असे सांगत, आणि १९६१पासून मोजत आम्हाला त्यांच्या वयाचा अंदाज बांधावा लागे. गोव्याची १४,५८,५४५ ही लोकसंख्या अशाच दारोदारच्या बोलण्यांतून जमलेली आहे. आकड्यामागे कोणीतरी कोणालातरी विचारलेले असते, हे मुलांना लहानपणीच कळावे, असे मला मनापासून वाटते.

एक प्रश्न मात्र मी थांबवला. ‘कोणाच्या घरी चारचाकी आहे?’ असे एका गटाला विचारायचे होते. ज्याच्या घरी ती नाही, त्याला सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हणावे लागले असते. कोणते प्रश्न विचारू नयेत, हाही या धड्याचाच भाग आहे आणि त्यावर मुलांशी मोकळेपणाने बोलायला हवे. प्रदर्शनात मांडायच्या रंगीत तक्त्यापेक्षा खाडाखोड झालेला पहिला कागद मला जास्त मोलाचा वाटतो. तो मी वर्गात लावून ठेवला आहे.

आता चतुर्थीला वाड्यावरच्या प्रत्येक माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीत, कोणकोणती फळे बांधली आहेत, याची नोंद मुले करणार आहेत. सुपारीचा घोस एक धरायचा की त्यातली प्रत्येक सुपारी वेगळी मोजायची, यावर त्यांचा वाद आतापासूनच सुरू झाला आहे.