लाटलेली भाकरी

सोसायटीच्या ग्रुपवर आलेला हुरडा पार्टीचा मेसेज सगळ्यांनीच वाचला होता, त्यामुळे विषय नक्की कोणी काढला ते सांगता यायचं नाही. मी पोचलो तेव्हा बापू तापलेलाच होता. "माणशी साडेआठशे, ते एक ठीक. पण बैलगाडीत बसायचे पैसे? लहानपणी आम्हाला कडब्याच्या गाडीवरनं खाली उतरवायला चुलत्याला चाबूक दाखवावा लागायचा!"

सहकारनगरातला आमचा कट्टा म्हणजे शोभाताईंच्या टपरीसमोरची पार मोडलेली फरशी. ही टपरी मुळात 1995 सालची, झुणका-भाकर केंद्र म्हणून उभी राहिलेली. एक रुपयात झुणका-भाकर. पुढे तिथे वडापाव आला, मग चहा-क्रीमरोल, आता मॅगी. वरच्या गंजक्या पत्र्यावर 'भाकर' एवढी अक्षरं मात्र अजून दिसतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण बरोबर त्या अक्षरांखाली उभं राहून शिरीष म्हणाला, "बापू, ज्वारीला आता मिलेट म्हणतात."

शिरीषची वेगळी ओळख करून द्यायला नको. असा एक प्रत्येक कट्ट्यावर असतो. रिटायर झाल्यापासून स्वतःची तब्येत हा त्याचा पूर्णवेळ धंदा आहे. दंडावर साखर मोजायचं पांढरं बटण चिकटवलेलं. दर दहा मिनिटांनी मोबाइल काढून आकडा बघणार, आणि बरा असला तरच आम्हाला दाखवणार.

"गहू म्हणजे विष आहे विष," तो म्हणाला. "ज्वारीचा कसा, जीआय कमी असतो."

"कमी कसा?" बापू उसळला. "मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 लाच मिळालाय जीआय!"

"अरे तो भौगोलिक मानांकनाचा नाही. खाल्ल्यावर रक्तातली साखर किती पटकन चढते, तो जीआय."

"मग सरळ साखर म्हण की. उगं आमच्या गावाचं नाव कशाला कमी करतोस?"

पद्याला चहाचा ठसका लागला. तसे दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, पण त्या संध्याकाळचा निकाल तिथेच लागल्यासारखा झाला.

बापू मंगळवेढ्याचा. 1984 ला पुण्यात शिकायला आला तेव्हा आम्ही चौघं हॉस्टेलच्या एकाच मजल्यावर होतो. आठवड्याला एकदा एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती त्याच्या आईचं गाठोडं स्वारगेटला यायचं. कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, कधी धपाटे. शिरीष त्या भाकऱ्यांना 'गोवऱ्या' म्हणायचा. म्हणायचा दिवसा, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री दोनला भूक लागली की गाठोडं सोडायलाही हाच पुढे. बापू बायकोचा वाढदिवस विसरतो, पण हे विसरलेला नाही. त्या दिवशीही निघालंच.

"गोवऱ्या खायला आता साडेआठशे मोजा म्हणावं. आणि हुरडा आगटीत गोवऱ्यांवरच भाजतात बरं का, शिरीषराव."

"तेव्हा अवेअरनेस नव्हता रे," शिरीष म्हणाला. "2023 साल युनोनं मिलेट वर्ष म्हणून पाळलं. आपलं सरकार तर श्री अन्न म्हणतं."

"आमच्यात नुसतं अन्न म्हणत्यात. भाकरी खाल्ली का, म्हणजे जेवला का. श्री लावायला ती काय लग्नपत्रिका हाय?" बापू चिडला की चाळीस वर्षांचं पुणं गळून पडतं आणि खालून मंगळवेढं निघतं.

पद्याने मधेच तांदळाच्या भाकरीचं घोडं दामटलं. कशी पांढरीशुभ्र, कशी मऊ, सोबत कुळथाचं पिठलं. "तू गप," बापू म्हणाला. "तुम्ही कोकणातले भाताला तोंडी लावायला भात घेता." पद्या गप्प बसला. खरं तर चिडायला हवा होता, पण बिल कोणी द्यायचं हे अजून ठरायचं होतं.

"72 च्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो," बापू म्हणाला. आवाज जरा खाली आलेला. "रेशनवर मिलो यायची. अमेरिकेची लाल ज्वारी. तिकडं जनावराला घालायची म्हणे, इकडं आम्हाला. भाकरी घशाखाली उतरायची नाही. आई खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची, ती स्वतः न खाता पदरात बांधून आणायची आमच्यासाठी."

कोणी काही बोललं नाही. मॅगीचं पाणी तेवढं उकळत होतं.

मग बापूच म्हणाला, "तेव्हा अमेरिकेनं ज्वारी पाठवली म्हणून आम्ही खाल्ली. आता ह्याच्या पोरानं अमेरिकेतनं मेसेज पाठवला म्हणून हा खातोय. मधली पन्नास वर्षं आमची मालदांडी ज्वारी काय रजेवर होती?"

शिरीषने मोबाइल काढून आकडा बघितला. दाखवला नाही.

"मग गेली कुठे एवढी ज्वारी?" मी विचारलं. उत्तर साधारण ठाऊक होतं, पण बापूकडून ऐकण्यात मजा असते.

तो बोटांवर मोजत बसला. रब्बीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पुढे वर पाऊस नाही, सगळं काळ्या रानातल्या ओलीवर. दाणा भरला की पाखरं उतरतात. मग माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, घसा बसेपर्यंत ओरडायचं. पुढे काढणी. ती विळ्याने नाही, ताट मुळासकट उपटायचं, दोन दिवसांत तळहाताची सालटं निघतात. मग कणसं खुडायची, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या. याला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. कडबा बैलांसाठी, तर बैलच गेले आणि ट्रॅक्टर आला. त्याच्या भावाचं रान भीमेकाठी. उजनीचं पाणी आलं तसा ऊस आला. "पंधरा गुंठे ज्वारी ठेवलीय, घरच्यापुरती. तिचंच पोतं येतं मला."

"पण आता डिमांड आहे, भाव आहे," शिरीषने पुन्हा डोकं वर काढलं.

"हाय की. म्हणून तर गव्हापेक्षा महाग झाली. पूर्वी रोज भाकरी आणि पाव्हणा आला की चपाती. आता रोज चपाती खातंय गाव, आणि पाव्हणा पुण्याचा असला की भाकरी."

एवढा वेळ शोभाताई ग्लास विसळत ऐकत होत्या. सकाळी टपरी त्यांचे मिस्टर बघतात आणि त्या चार घरी पोळ्यांना जातात. त्या म्हणाल्या, "ते अमेरिका-बिमेरिका राहू द्या. भाकरी थापणार कोण ते बोला. सगळ्यांना हल्ली भाकरीच पाहिजे. मी म्हटलं, पोळीपेक्षा दोन रुपये जास्त पडतील, तर बाई मला म्हणतात, 'का? हिला तर तेलसुद्धा लागत नाही!' पीठ आणतात महिन्याचं, दळून पाकिटात भरलेलं. त्याला विरी कुठली राहायला? चिकटपणाच जातो, भाकरी कडेनं चिरते. मग मलाच बोलणार."

सगळ्यांनी आपापल्या ग्लासात बघितलं. चौघांच्याही घरी पोळ्यांना मावशी येतात.

"मी स्वतः करतो भाकरी," शिरीष म्हणाला. हे त्याने बोलायला नको होतं. "अगदी सोपं आहे. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये गोळा ठेवायचा आणि लाटायचं."

बापूने ग्लास खाली ठेवला. "लाटायचं?"

"हो. मग डब्याच्या झाकणाने कापायचं. एकदम गोल."

"कापायचं." बापूचा आवाज घरात कुणीतरी गेल्यासारखा. "आणि कडा?"

"त्या गोळा करून परत लाटतो."

"शंकरपाळे कर त्यांचे," पद्या म्हणाला, आणि नेमका त्याच वेळी शिरीषचा मोबाइल कोकलला. साखर 212. शिरीष म्हणाला मशीन कधीकधी चुकतं. शोभाताई म्हणाल्या, मशीन बरोबर आहे, साहेबांचे दोन क्रीमरोल मांडलेत वहीत. मग कोणाला काही बोलवेना. पद्या तर फरशीवर आडवाच झाला. रस्त्याने जाणारे एक आजोबा थांबून 'काय झालं' विचारू लागले. त्यांना काय सांगणार?

हसणं ओसरल्यावर मी सहज सोसायटीच्या ग्रुपवर हुरड्याची यादी उघडली. शिरीष दोन. पद्या दोन, म्हणजे मघापासून हा गप्प होता तो याच्यासाठी. आणि खाली, बापूच्या फ्लॅटचा नंबर, चार जण, पैसे जमा.

"बापू, हे काय?"

त्याने मोबाइल हातभर लांब धरून वाचलं. वहिनींनी दुपारीच नाव दिलं होतं. नातवंडांना बैलगाडी दाखवायची म्हणून.

"कधी आहे?" त्याने विचारलं.

"रविवारी. सकाळी सातला बस."

बापू थोडा वेळ पाटीवरच्या 'भाकर'कडे बघत राहिला.

"विचार त्यांना," तो म्हणाला, "गोफण देणारेत का. नसली तर मी माझी आणतो."