सकाळी घासलेल्या जुन्या टँकमध्ये संध्याकाळी मासे सोडू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मोबाईलवर सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: जुना फिश टँक आणला की कपड्यांच्या पावडरीनं घासा, उकळतं पाणी ओता, पांढरे डाग हटले नाहीत तर व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करून लावा, दोन तास ऊन दाखवा, नळाचं पाणी भरा, मूठभर मीठ टाका, संध्याकाळी मासे सोडा. यातली उन्हाची सूचना तेवढी अर्धी बरोबर आहे. एक मात्र माणसाच्याच जिवावर बेतणारी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल.

‘व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करा.’ कधीही नाही. ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यानं टँकच्या तळाशी साचतो, आणि घासणाऱ्याचं तोंड नेमकं तिथंच वाकलेलं असतं. त्यात थंडीच्या दिवसांत खिडकी लावून न्हाणीघरात काम चाललेलं असेल तर विचारूच नका. संडास धुवायच्या ॲसिडलाही हेच लागू आहे. दोन्ही वापरायचीच असतील तर एका दिवशी व्हिनेगर, मग भरपूर पाण्यानं धुऊन टँक कोरडा करायचा, आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी, अंगणात.

पांढरे डाग म्हणजे क्षार. बोअरचं पाणी आटत गेलं की वरच्या कडेला त्यांचा खरखरीत पट्टा बसतो. त्याला साधं पांढरं व्हिनेगर पुरतं; नसेल तर किराणा दुकानातलं लिंबूफूल, लिटरभर कोमट पाण्यात ३० ग्रॅम. डागाची काच खाली येईल असा टँक आडवा करा, डागावर भिजवलेलं फडकं पसरा आणि तासभर ठेवा. मग जुन्या एटीएम कार्डानं खरवडा. तरी राहिलं तर ब्लेड काचेला जवळजवळ टेकवून, तिरपं धरून चालवा. सांध्यातल्या सिलिकॉनपासून बोटभर लांबच थांबा. ब्लेडचं टोक सिलिकॉनमध्ये शिरलं की गळती ठरलेली. ॲक्रिलिकच्या टँकला ब्लेड लावूच नये, ओरखडे कायमचे राहतात.

‘पावडरीनं घासा.’ साबण आणि पावडरीतली फेस करणारी द्रव्यं माशाच्या कल्ल्यांवरचा नाजूक थर बिघडवतात, मग मासा पाण्यात असूनही गुदमरतो. काच धुऊन निघते हो, पण फिल्टरचा स्पंज, सिलिकॉनच्या फटी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीखालची जागा साबण धरून ठेवतात. आधीच पावडर वापरून बसला असाल तर स्पंज टाकून द्या. टँक भरून रात्रभर ठेवा आणि पाणी ओता, असं तीन-चार वेळा करा. शेवटी त्यातलं पाणी बाटलीत घेऊन जोरात हलवा. फेस टिकला तर पुन्हा धुवा. फिनेलनं पुसलेला टँक असेल तर तो घेऊच नका.

‘उकळतं पाणी ओता.’ डिसेंबर-जानेवारीत इथली सकाळ गार असते, काचही तितकीच गार. उकळत्या पाण्यानं आतली बाजू एकदम प्रसरण पावते, बाहेरची तशीच राहते आणि काच तडकते. हाताला सोसेल इतकंच कोमट पाणी घ्या.

जंतूंसाठी बिनवासाचं, साधं ब्लीच चालतं: एक भाग ब्लीच, १९ भाग पाणी, १५ मिनिटं. त्यानंतर तीनदा धुवा, हायपो (क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे) घातलेलं पाणी भरून एक दिवस ठेवा, मग ओतून वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा. आधीच्या मालकाचे मासे खंगून, अंगावर जखमा होऊन मेले असतील तर मात्र ब्लीचवर विसंबू नका. क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतला एक जंतू अशा टँकमध्ये असू शकतो. त्यावर ७० टक्के स्पिरिट जास्त खात्रीचं, फक्त जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. या जंतूचा संसर्ग हातावरच्या चिरेतून माणसालाही होतो. म्हणून रबरी हातमोजे घाला, आणि बोटावर आठवडेच्या आठवडे न बरी होणारी गाठ आली तर डॉक्टरांना टँकचं आवर्जून सांगा.

‘दोन तास ऊन.’ पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी पाण्यावाचून जगत नाही, त्यामुळं वाळवणं हा खरोखर चांगला उपाय आहे. पण काम करतो तो कोरडेपणा. दोन तासांत काच वाळते. स्पंज, लाकूड, खडी आतून ओलीच असतात. पूर्ण कोरडं झाल्यावर आणखी तीन-चार दिवस जाऊ द्या. जून ते सप्टेंबर, त्यातही खानापूरकडं, आठवडा गेला तरी वाळलं असं समजू नका. जुनी खडी सरळ टाकून द्यावी असं आमचं मत आहे. तिच्यात गाळ असतो, शिवाय औषधातलं तांबं बसलेलं असू शकतं, आणि तांब्यानं गोगलगायी, झिंगे मरतात. नव्या खडीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले तर ती पाणी जड करणार.

त्या मजकुरात गळतीचा शब्दही नाही. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये साधारण ५६ लिटर पाणी मावतं. काच आणि खडी धरून वजन ७० किलोच्या पुढं जातं. सपाट जमिनीवर थर्मोकोल घाला, त्यावर टँक आणि भोवती वर्तमानपत्र. आधी एक तृतीयांश भरा, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण, आणि ४८ तास पाहा. कागद कुठं ओला होतो त्यावरून सांधा सापडतो. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही, त्यामुळं जुनं खरवडूनच बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन भरा आणि पाणी घालण्याआधी दोन-तीन दिवस सुकू द्या. भरलेला टँक कधीही उचलू नका.

‘नळाचं पाणी, मूठभर मीठ, संध्याकाळी मासे.’ धरण हिडकल असो की राकसकोप, नळाला येतं ते क्लोरीन घातलेलं पाणी. उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवा, नाहीतर ५० लिटरला ग्रॅमभर हायपो विरघळवा. नळ चार-सहा दिवसांआड येतो त्या गल्लीत हे आपोआपच होतं. मिठानं क्लोरीन जात नाही आणि अमोनियाही जात नाही.

आणि मासे मारतो तो मुख्यतः अमोनियाच. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून तो तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, फिल्टरच्या स्पंजवर राहतात, आणि चकचकीत धुतलेल्या टँकमध्ये ते शून्य असतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडतात, एकेक आडवा होतो आणि घरातले म्हणतात, ‘आमच्याकडं मासे लाभत नाहीत.’ लाभण्याचा काही संबंध नाही हो. त्या माशांना विषात सोडलं होतं.

फिल्टर चालू ठेवून, माशांविना, रोज चिमूटभर खाद्य टाका. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. गारठ्यात जास्त, म्हणून हीटर २६ अंशांवर ठेवा आणि पाण्याबाहेर काढण्याआधी बटण बंद करून २० मिनिटं थांबा. ओळखीच्या घरी निरोगी टँक असेल तर तिथला वापरातला स्पंज त्याच पाण्यात बुडवून आणा आणि तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये बसवा. बरेच दिवस वाचतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की तीन-चार गप्पी आणा. पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग मासे जाळीनं सोडा. दुकानातलं पाणी टँकमध्ये ओतू नका.