"सकर टाका, टँक धुवायचं विसरा" म्हणे!

हा फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतोच. घरच्या फिश टँकमध्ये काचेला चिकटणारा तो काळा सकर मासा टाका, तो सगळी घाण खातो, पाणी बदलायची कटकट संपली, मासा टँकएवढाच वाढतो, आणि झालाच मोठा तर तलावात सोडा, पुण्य लागेल. मी स्वतः हे खरं मानून दोन इंची पिल्लू आणलं होतं, म्हणून बोलतोय.

घाण खातो हे अर्धंच खरं. लहानपणी शेवाळ खरवडतो, मोठा झाला की काचेकडे ढुंकून बघत नाही, रात्री दुसऱ्यांचं खाणं हाणतो, आणि भूक भागली नाही तर गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याचा बुळबुळीत थर चाटतो, गोल्डफिश बिचारा जखमी. बाकीच्या माशांची शी तर तो खातच नाही, उलट स्वतःची भर घालतो. रोज सकाळी शेवयांसारखे लांब धागे पडलेले असायचे, लाकडावर, फिल्टरच्या तोंडाशी, सगळीकडे.

म्हणजे पाणी बदलायचं काम वाढलं की कमी झालं? घाणीतून अमोनिया होतो, तो माशांना विषारी, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट मुख्यतः पाणी बदलूनच जातं. सकर घाण गिळून गायब करत नाही हो!

आता टँकएवढा वाढतो हे. साधा सकर दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा मासा, फूट-दीड फूट होतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. आपला घरचा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे साधारण ५६ लिटर पाणी. एक फूट रुंदीत चौदा इंची मासा वळणार कसा? माझा सकर शेपूट काचेला घासत वाकडा होऊन वळायचा. घाण पाण्यात वाढ खुंटते हे खरं, पण त्याला टँकशी जुळवून घेणं म्हणत नाहीत, ते त्याचे हाल झाले. शेवाळच खायला हवं असेल तर ब्रिसलनोज नावाचा छोटा सकर घ्या, तो पाच-सहा इंचांवर थांबतो.

शेवटी मी त्याला मोठ्या टँकवाल्या मित्राकडे द्यायचं ठरवलं. जाळीत घेतला तर त्याने कल्ल्यांजवळचे काटे ताठ केले आणि असा अडकला की जाळी कात्रीने कापायला लागली.

आणि तलावात सोडायचं पुण्य, तर ऐका. हे मासे उजनीत पोचलेत, कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत पोचलेत, २०२० मध्ये वाराणसीला गंगेत सापडला. ऑक्सिजन कमी असला तर पृष्ठभागावर येऊन हवा गिळून जगतात, काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतात. चिलापी (तिलापिया मासा) पण बाहेरचीच, पण ती निदान विकली तरी जाते, सकरला बाजारात कोण विचारतंय. माझी पन्नास रुपयांची जाळी गेली, तिथे कोळ्याचं अख्खं जाळं फाटतं.